फेरे चालू आहेत

थंडीच्या दिवसांत पंख्याच्या दुकानाची पायरी चढायची कोणी, तर गल्लीतल्या मांजराने. तेही ऊन खायला. समोरचा स्वेटरवाला गिऱ्हाइकांना तोंड देता देता मेटाकुटीला आलेला, आणि इकडे फेरेताई माश्या मारत बसलेली. खरं तर माश्यासुद्धा नव्हत्या. एवढ्या गारठ्यात त्या तरी कुठून येणार?

"काय ताई, आज किती पंखे?" स्वेटरवाला रोज विचारायचा.

"उन्हाळ्यात तुझी स्वेटरं खपतात ना, तेवढे," ती रोज सांगायची.

फेरे हे काही तिचं आडनाव नव्हे. जळलेल्या पंख्याच्या मोटारीत तांब्याची नवी तार भरून द्यायची, हे तिचं काम. त्या तारेचे फेरे मोजूनच घालावे लागतात आणि ती ते मोठ्याने मोजायची, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे. ही तिच्या वडिलांची पद्धत. मनातल्या मनात मोजलेलं मनच खाऊन टाकतं, असं ते म्हणायचे. फेरे चालू असताना दुकानात कोणी बोलायचं नाही, हा तिथला एकमेव कायदा. साक्षात यम आला तरी त्याने गुपचूप बाकावर बसावं आणि आकडा संपायची वाट पाहावी.

वडिलांच्या मागे दुकान दोन्ही मुलांच्या नावावर झालं, तिच्या आणि तिच्या मोठ्या भावाच्या. दादाने लहानपणी याच बाकावर बसून फेरे मोजले होते, पण मिसरूड फुटल्याबरोबर तो दुसऱ्या शहरात नोकरीला गेला तो गेलाच. त्यानंतर तारेला हात लावला तो हिने, दोन खोल्यांचा संसार आणि एका मुलीचं शिक्षण सांभाळून. दादा तिकडून उंटावरून शेळ्या हाकायचा. उन्हाळ्यात त्याला दुकान आठवत नसे. थंडी पडली की हमखास आठवे.

या वर्षीही फोन आला. आधी तब्येत झाली, मग भाचीची परीक्षा झाली, मग हवापाणी.

"दादा, ताकाला आलायस ना? मग भांडं कशाला लपवतोस?" तिने विचारलं.

"अगं, मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण आहे. त्याला आपली जागा आवडलीय. शनिवारी घेऊन येतो. नुसतं शटर उघडून बसण्यात काय अर्थ आहे?"

"नुसती नाही बसलेली मी."

"मग शनिवारी दाखव. थंडी निघेल एवढं काम दिसलं, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही दिसलं, तर किल्ली द्यायची."

"ये की. घोडामैदान जवळच आहे," ती म्हणाली आणि फोन आपटला.

तिला भयंकर राग आला होता. त्याहून जास्त वाईट याचं वाटत होतं, की दादा अगदीच खोटं बोलत नव्हता. दुकानात त्या दिवशी एकच पंखा होता आणि तोही तिच्या स्वतःच्या घरचा. हातात चार दिवस होते. तिने पदर खोचला, शटर अर्धं ओढलं आणि थेट वाचनालय गाठलं.

वाचनालयाचं छत उंच आणि त्याला बत्तीस पंखे लटकलेले, तोंडात दात असावेत तसे. दातांसारखेच काही हलणारे, काही कुरकुरणारे आणि एक पार किडलेला. ग्रंथपालबाई कानाला मफलर गुंडाळून बसल्या होत्या.

"सगळे पंखे दुरुस्तीला द्या," फेरेताईने सरळ सांगितलं.

"थंडीत पंखे?" ग्रंथपालबाई हसल्याच. "उन्हाळ्यात या हो."

"उन्हाळ्यात येईन, शिडी लावीन आणि तुमच्या वाचकांच्या डोक्यावर उभी राहीन. ते घामाघूम होऊन माझे पाय बघतील. चालेल? पंखा उतरवायचा तर तो कोणाला नको असतो तेव्हाच उतरवावा."

बाईंचं हसू थांबलं. म्हणणं बरोबर होतं, पण कमिटी त्यांच्या हातात नव्हती. शेवटी त्यांनी कमिटीच्या टेबलावरचा तो किडलेला पंखा दाखवला. दोन कारागिरांनी दुरुस्त केला होता आणि दोन्ही वेळा अर्ध्या तासात तापून धूर निघाला होता. शनिवारी दुपारी बारा वाजता कमिटीची बैठक होती. तोवर हा नीट फिरवून दाखवला, तर बाकीच्यांचं बघू, असं ठरलं.

पंखा दुकानात आणून तिने मोटार उघडली आणि कपाळावर हात मारला. दोन्ही शहाण्यांनी जळालेल्या कॉइल तेवढ्या बदलल्या होत्या आणि त्यांत सवयीप्रमाणे तीनशेसाठ फेरे घातले होते. कंपनीच्या मूळच्या काही कॉइल अजून शाबूत होत्या. त्यातली एक तिने उलगडून मोजली. चारशेसोळा. पाट्या टाकल्यासारखं त्या दोघांनी जमेल तेवढं गुंडाळून दिलं होतं, तर पंखा तापणार नाही तर काय करेल? तिने आतली सगळी तार काढून टाकली आणि पहिल्यापासून भरायला घेतलं.

शनिवारी सकाळी शेवटची कॉइल हाताच्या मशीनवर चढलेली असताना दादा आला. मागे कव्हरवाला, डोळ्यांवर गॉगल, हातात मोजपट्टी. त्याने येताच भिंत मोजायला घेतली.

"दोनशे चाळीस, दोनशे एक्केचाळीस," फेरेताई मान वर न करता मोजत राहिली.

दादा बाकावर बसला. कव्हरवाल्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. "इथे काचेचं काउंटर येईल," तो म्हणाला. "आणि ताई, हे भंगार कधी हलवताय?"

"शू! फेरे चालू आहेत!" दादा एवढ्या जोरात ओरडला की दाराशी झोपलेलं मांजर पळालं.

कव्हरवाल्याच्या बडबडीने जे झालं नसतं ते दादाच्या ओरडण्याने झालं. मशीनचा दांडा थांबला. आकडा गेला. बारा वाजायला तासभर उरला होता, आणि तिला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

"दोनशे सत्तावन्न," दादा हळूच म्हणाला.

ती बघतच राहिली. इतक्या वर्षांनी बाकावर टेकल्याबरोबर हा मनात मोजायला लागला होता आणि त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

"तुझ्या भरवशावर?" ती म्हणाली. "उद्या धूर निघाला तर तू तिकडे आणि शिव्या मला." तिने सरळ तार उलगडायला घेतली आणि पुन्हा मोठ्याने मोजली. दोनशे सत्तावन्नच निघाले. दादाने विजयी मुद्रेने कव्हरवाल्याकडे पाहिलं, आणि आपण कोणाच्या बाजूने आलो आहोत हे आठवून मान खाली घातली. तिने शून्यापासून चारशेसोळापर्यंत पुन्हा गुंडाळलं. दादा श्वास रोखून बसला होता. कव्हरवाला बाहेर निघून गेला.

"अगं, पण एका पंख्याने थंडी निघत नाही," शेवटी दादा म्हणाला.

"शिडी उचल," ती म्हणाली.

कमिटीचे पाच जण शाली आणि कानटोप्या घालून टेबलाभोवती जमले होते. दादाने शिडी धरली, तिने पंखा टांगला आणि बटण दाबून रेग्युलेटर शेवटच्या आकड्यावर नेला. पंखा फिरला, आवाज न करता. टेबलावरचे कागद उडाले. पाचांनीही शाली आवळल्या.

"छान! चालतो की," अध्यक्ष घाईघाईने म्हणाले. "करा बंद."

"बंद कसा करू? आधी अर्ध्या तासात जळायचा. तासभर फिरला तर खरं."

"बाई, आम्ही तासभर इथे बसायचं?"

"मी बसणार आहे." तिने रेग्युलेटरपाशी खुर्ची ओढली आणि वाऱ्याखाली बसली, अंगात साधा सुती ब्लाउज, शालही नव्हती. हाताला काटा आला होता, पण तो तिने कोणाला दिसू दिला नाही. शिडीशी उभ्या दादाच्या नाकातून पाणी वाहायला लागलं.

पंधराव्या मिनिटाला खजिनदार शिंकले. विसाव्या मिनिटाला ग्रंथपालबाईंनी चहा मागवला आणि तो येईस्तोवर गार झाला. अर्धा तास उलटला, धूर नाही. पंचेचाळिसाव्या मिनिटाला तिने पंखा क्षणभर बंद केला आणि ती शिडीवर चढली. तिने मोटारीला तळहात लावला, खाली उतरली आणि तोच तळहात अध्यक्षांच्या गालावर टेकवण्याइतका जवळ नेला. "बघा. तुमच्यापेक्षा गार आहे." आणि पुन्हा बटण दाबलं.

"घेऊन जा हो!" अध्यक्ष कानटोपी घट्ट धरून ओरडले. "उरलेले एकतीसही घेऊन जा, उन्हाळ्याच्या आत लावा, पण हा बंद करा!"

"तास झाला की करते," ती म्हणाली. मग दादाकडे वळली. "शिडी खाली ठेवू नकोस. पुढच्या पंख्याखाली ने."