खिशातला बल्ब

आधीच सांगतो, मी वायरीचा माणूस आहे. लातूरला अंबाजोगाई रोडवर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, वीस-बावीस वर्षं झाली. गाडीत ‘आपोआप’ काही होत नसतं, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. अमक्या वळणावर गाडी बंदच पडते असं कुणी म्हणालं, की मी विचारतो – बॅटरी किती जुनी आहे? भूत, करणी, बाहेरचं... आपल्या डोक्यात हे कधी शिरलं नाही. आजही शिरलेलं नाही. पण त्या गुरुवारी जे डोळ्यांनी बघितलं ते बघितलंच नाही, असं कसं म्हणू?

आणि दुसरं म्हणजे, यात माझीच लाज जास्त आहे. तेव्हा हसायचं तर हसा.

नांदेडला देगलूर नाक्याच्या मागं महेबूब उस्तादांचं दुकान होतं. त्यांच्या हाताखाली आम्ही दोघं शिकलो, मी आणि कंधारचा ज्ञानोबा. एकाच महिन्यात लागलो, एकाच डब्यात जेवलो. पण उस्तादांच्या तोंडी नाव एकच. ज्ञानोबाचा हात बघ, ज्ञानोबा वायर कशी सोलतो बघ, ज्ञानोबाचा जॉइंट बघ... माझे कान किटले होते. पुढं त्यानं कंधारला दुकान टाकलं, मी लातूरला. तरी कुणी त्याचं नाव काढलं की माझ्या पोटात आग पडायची. खोटं कशाला बोलू, चांगला वागणारा माणूस आहे म्हणून तर जास्तच पडायची.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. डॅशबोर्डवर बॅटरीची एक लाल बत्ती असते. चावी फिरवली की ती लागते, इंजिन सुरू झालं की विझते. जुन्या गाडीत त्या बारक्या बल्बातूनच अल्टरनेटरला, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राला, पहिला करंट जातो. उस्ताद अल्टरनेटरला शेवटपर्यंत डायनामोच म्हणायचे. “पहिले जलना, फिर बुझना,” हा त्यांचा मंत्र. “जलीच नही तो डायनामो उठता नही. और जलतीच रही तो भी बेकार.” म्हणजे बल्ब उडालेला असेल तर बाकी वायरिंग सोन्याचं करा, चार्जिंग होणार नाही. म्हणून आधी बल्ब बघायचा, मग वायरीला हात लावायचा.

शिकत असताना मी एकदा हेच विसरलो. दिवसभर एका जीपच्या वायरी उचकत बसलो. संध्याकाळी ज्ञानोबानं दोन मिनिटांत बल्ब बदलला आणि चार्जिंग सुरू! उस्तादांनी ही गोष्ट नाक्यावरच्या चहावाल्यापर्यंत पोचवली. पुढची दोन वर्षं तो मला चहा देताना विचारायचा, “बल्ब देखा क्या?”

मागच्या वर्षी उस्ताद गेले. चाळिसाव्या दिवसाच्या फातिहाआधी चाचींचा, म्हणजे उस्तादांच्या बायकोचा, फोन आला. उस्तादांची पांढरी अँबेसिडर त्यांच्या आजारपणात वर्षभर उभी होती, उंदरांनी वायरी खाल्ल्या होत्या. चाळिसाव्याला त्याच गाडीतून कंधारच्या दर्ग्याला जायचं, एवढी त्यांची इच्छा होती. उस्ताद जिवंत होते तोवर दोघं त्याच गाडीतून जायचे. नंतर गाडी हैदराबादला लेकीकडं जाणार होती.

मला म्हणजे आभाळ ठेंगणं झालं. शेवटी उस्तादांच्या गाडीला हात माझा! मी चाचींना सहज विचारलं, “ज्ञानोबाला नाही सांगितलं?”

“बोली ना बेटा, पहिले उसीकूच बोली. वो बोला, चार्जिंगका काम पर्भाकरकू देव.”

झालं. म्हणजे आधी त्यालाच विचारलं, आणि त्यानं उष्टं माझ्या ताटात वाढलं. दानशूर कर्ण! लातूर ते नांदेड एसटीत माझं दुसरं काही चाललं नव्हतं, फक्त हेच.

चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी चाचींच्या अंगणात, लिंबाखाली काम सुरू केलं. अल्टरनेटर खोलून नवीन ब्रश टाकले. तिथून बॅटरीपर्यंत जाड वायर नवी ओढली, बॉडीचा अर्थ, म्हणजे अर्थिंगचा जोड, घासून स्वच्छ केला, बत्तीची बारीक वायरही नवी. टेप अशी मारली की ज्ञानोबानं बघावी आणि गप्प बसावं. कामात खरं लक्ष तिकडंच होतं. गुरुवारी सकाळी चावी फिरवली... बत्ती लागेना. इंजिन सुरू केलं, मीटर बॅटरीला लावला तर बारा पॉइंट दोन. चार्जिंग शून्य.

दोन तास मी वायरी तपासल्या. पुन्हा अर्थ घासला. बारा वाजत आले, तेव्हा डॅशबोर्डमागं हात घालून होल्डर ओढला आणि बल्ब बघितला. तार तुटलेली. काच काळी पडलेली.

म्हणजे पंचवीस वर्षांनी पुन्हा तीच चूक, आणि तीही उस्तादांच्याच गाडीवर! मी तो बल्ब शर्टाच्या खिशात टाकला. होल्डर रिकामाच खाली लोंबत होता. ऑइलच्या बत्तीचा बल्ब काढून इथं लावावा म्हणून पुन्हा हात घातला, तेवढ्यात फाटक वाजलं. बघतो तर ज्ञानोबा. दर्ग्याला सोबत यायचं म्हणून तो कंधारहून सकाळच्या एसटीनं आला होता.

“काय म्हणती बत्ती?” त्यानं आल्या आल्या विचारलं.

“बल्ब उडालाय, थांब,” एवढंच म्हणायचं होतं. अर्ध्या मिनिटाचं काम. पण तो हसला असता. नसता हसला तरी मला वाटलं असतं की हसला. माझ्या तोंडून निघालं, “झालंय सगळं. झकास चार्जिंग हाय.”

“मंग लाव की चावी. चाची, या, बसा मागं.”

चाची पांढरी ओढणी सावरत मागं बसल्या. ज्ञानोबा माझ्या शेजारी. आता चावी फिरवणार, बत्ती लागणार नाही आणि या दोघांसमोर आपण खोटं पडणार, एवढंच डोक्यात. चावी फिरवली.

बत्ती लागली.

लाल, चांगली ठळक. आणि लोंबणाऱ्या होल्डरात नाही – वर डायलमधल्या तिच्या खिडकीत, जिच्यामागं काहीच नव्हतं. ज्ञानोबाच म्हणाला, “मार की स्टार्टर.” मारला. इंजिन लागलं आणि बत्ती विझली, अगदी उस्ताद सांगायचे तशी. चाची मागून हळूच म्हणाल्या, “जली, फिर बुझी. उनों हर बखत मेरेकू दिखाते थे.” आणि ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं.

ज्ञानोबानं उतरून मीटर लावला. चौदा पॉइंट एक, म्हणजे चार्जिंग पक्कं. “वा रे गड्या,” तो म्हणाला. मी खिशाला हात लावला. बल्ब खिशातच होता.

कंधारपर्यंत मी राहून राहून तो खिसा चाचपत होतो. दर्ग्यापाशी चाची आत गेल्या, तेव्हा मी डॅशबोर्डखाली वाकून बघितलं. होल्डर रिकामाच लोंबत होता. मग मात्र राहवलं नाही. ज्ञानोबाच्या हातावर तो उडालेला बल्ब ठेवला आणि सगळं सांगितलं – चूक, खोटं, सगळं. इतक्या वर्षांचा जळकेपणासुद्धा.

त्यानं बल्ब उन्हात धरून बघितला. वाकून होल्डर चाचपला.

“तुला काय वाटतंय,” तो म्हणाला, “तू एकटाच जळत होतास? मला उस्ताद रोज काय म्हणायचे म्हाईत हाय का? पर्भाकरची टेप बघ, पर्भाकरची सफाई बघ. लई डोकं उठायचं माझं.”

“मला तर तुझंच नाव...”

“आन् ही गाडी तुझ्याकडं पाठवली ती काय प्रेमानं न्हाई. मला भ्या वाटलं. उस्तादाच्या गाडीवर माझं काय चुकलं आन् तुला कळलं, तर तू हसशील म्हणून.”

आम्ही दोघं तिथंच पायरीवर बसलो. तो हसायला लागला, मग मीही. चाची बाहेर आल्या तेव्हा दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. त्यांना वाटलं उस्तादांसाठी. होतंच म्हणा.

निघताना चावी फिरवली तर बत्ती लागली नाही. पुन्हा फिरवली, नाही. बॅटरीच्या जोरावरच नांदेडला येऊन नवा बल्ब घातला तेव्हाच लागली. आता तुमच्यातला एखादा जाणकार म्हणेल, जास्त रेस दिली की अल्टरनेटर कधीकधी बल्बाशिवायही उठतो. मान्य. मीच सांगतो गिऱ्हाइकांना. पण मी रेस दिली नव्हती, आणि बत्ती तर इंजिनाच्या आधी लागली. ऊन चमकलं म्हणावं तर गाडी लिंबाच्या सावलीत, आणि बघणारे तिघं. मी सर्किट कागदावर काढून बघितलंय, किती वेळा ते विचारू नका. उत्तर सापडलेलं नाही. तो बल्ब माझ्या गल्ल्याच्या खणात आहे. अधूनमधून मीटर लावतो. मेलेलाच दाखवतो.

गेल्या महिन्यात ज्ञानोबानं दुकानावर नवा बोर्ड लावला, फोटो पाठवला. माझ्या बोर्डापेक्षा हातभर मोठा आहे, वर लायटिंग. बघितल्या बघितल्या पोटात तीच जुनी आग. मग फोन लावला, म्हटलं बोर्ड झकास दिसतोय.

“जळला का?” त्यानं विचारलं.

“जळलो की.”

“मंग?”

“मंग काय,” मी म्हणालो, “विझलो, म्हणून तर फोन लावला.”