नागुआक्काची हुडवी

मी दुसऱ्याच्या सरणावर शेकून जगलेली बाई आहे. मी शाळेत शिकवत असे तेव्हा हे सांगितलं की मुलं आधी हसत आणि मग गप्प होत. भूगोलात समुद्रातल्या चिमुकल्या बेटांच्या देशांचा धडा होता. तिथे तेल, कोळसा सगळं जहाजानं येतं. जहाज थांबलं की देश गारठतो. म्हणून तिथल्या सरकारला जळणाचं धोरण आधीपासून ठरवून ठेवावं लागतं. पुस्तकात हे सगळं अर्ध्या पानात उरकलं होतं. मी पुस्तक मिटून ठेवत असे आणि नागुआक्काची गोष्ट सांगत असे. ती सांगताना मी तोलूनमापून बोलत नाही. इथेही ते जमेलसं वाटत नाही.

निपाणीपासून चार कोसांवर, वेदगंगा आणि एक उनाड ओढा यांच्यामधल्या उंचवट्यावर आमची मधलीवाडी. घरं अकरा. उन्हाळ्यात ओढ्यात पायाचा अंगठासुद्धा भिजत नसे, पण आषाढात नदी एका अंगानं आणि ओढा दुसऱ्या अंगानं चढला की वाडीचं बेट व्हायचं. पाणी जरा शांत असेल तर गूळ आटवायची मोठी लोखंडी काहील पाण्यात सोडायची आणि तिच्यात बसून पलीकडे जायचं. पाणी मातलं की तेही बंद. कधी आठ दिवस, कधी वीस, एखाद्या साली महिनाभर. जोंधळे घरात असत, मीठमिरची असे. कमी पडायचं ते जळण.

१९२६ च्या पुरात नागुबाईचा नवरा भावकू तापानं गेला. ती बावीस वर्षांची होती, पोरबाळ नव्हतं. पुराचा नववा दिवस होता. अकरा घरांतलं सुकं जळण गोळा केलं तर ते एका बुट्टीत मावलं. शेवटी चौघांनी भावकूला नदीत सोडला.

भावकूचे वडील सुबरावआप्पा हे गुऱ्हाळात जाळ घालणारे. काहिलीखालच्या भट्टीत कधी चिपाड सारायचं आणि कधी हात आखडता घ्यायचा, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नसे. आजूबाजूच्या गावांतून त्यांना बोलावणी यायची. त्या माणसाच्या पोराला मूठभर आग मिळाली नाही. ते काठावर बसून राहिले आणि सुनेला एवढंच म्हणाले, “मला तरी आग दे गं पोरी.”

“आग दीन, मामंजी,” ती म्हणाली.

तेव्हापासून वाडीत नागुआक्काचं राज्य सुरू झालं. तिला कुणी निवडून दिलं नव्हतं. ती घरोघर जाऊन सांगे आणि लोक कटकट करत का होईना, ऐकत. फाल्गुनापासून प्रत्येक घरानं पन्नास शेण्या, म्हणजे गोवऱ्या, वेगळ्या थापायच्या. त्या सगळ्या एका जागी रचायच्या, वरून उसाचा पाला घालायचा आणि शेणामातीनं जाड लिंपायचं. या ढिगाला आमच्याकडे हुडवी म्हणतात. ही हुडवी मयताची. पावसात कुणीही गेलं, तरी त्याला आग मिळायची. बाकी कशासाठीही तिला हात लावायचा नाही.

बाकीच्या जळणालाही तिचे नियम होते. पाणी चढलं की तीन घरांनी मिळून एक चूल पेटवायची. विस्तव रोज एका घरानं राखायचा आणि बाकीच्यांनी तो खापरीत मागून न्यायचा. आगपेटीची काडी ओढायची नाही. डाळ सकाळीच भिजत घालायची. जेवण उरकलं की दिवा फुंकायचा. तंबाखूच्या काड्या जाळायच्या नाहीत, त्यांच्या धुरानं म्हशीसुद्धा खोकतात. श्रावणातल्या उपासांवर तर तिचं भारी प्रेम. देव पावतो की नाही ते तिला ठाऊक नव्हतं, चूल थंड राहते एवढं ठाऊक होतं.

महायुद्ध आलं आणि रॉकेल कार्डावर गेलं. निपाणीच्या बाजारातून कुणीतरी चिकोडीच्या कचेरीचा कागद आणला, त्यात गूळ बांधला होता. आक्कानं तो वाचून घेतला. जळण जपून वापरा, दिवे कमी लावा, शेजाऱ्याला मदत करा. ती पोट धरून हसली. “ह्ये तर आमी वीस वरसं करतोय. त्यास्नी आत्ता कळलं व्हय?”

आता माझ्या बापाकडे येते. बाप माझाच आहे, म्हणून झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परशराम हा वाडीतला सगळ्यात हुशार माणूस, असं त्याचं स्वतःचं मत होतं. युद्धात जळणाला भाव आला तसा १९४४ च्या उन्हाळ्यात त्यानं घरच्या सगळ्या शेण्या गाडीत भरल्या आणि निपाणीला विकून आला. आक्का पन्नास शेण्या मागायला आली तर म्हणाला, “दुसऱ्याच्या मरनाची बेगमी म्या का करू? माज्या घरात कोन मराय लागलंय?”

आक्का नुसतं “बरं” म्हणाली. आमच्या वाटणीच्या पन्नास तिनं स्वतः थापल्या. माझी आई सोनाबाई दारातून बघत होती. तिला लाजेनं मेल्यासारखं झालं, पण नवऱ्यापुढे बोलायची सोय नव्हती. प्रत्येक बाईच्या शेणीवर तिच्या पंजाचा ठसा उठतो. कुणाची बोटं लांब, कुणाची फताडी. त्या वर्षीच्या हुडवीत दहा घरांचे पंजे होते. आमचा नव्हता.

त्या श्रावणात सुबरावआप्पा अंथरुणाला खिळले. पाय सुजले, चार दिवस पोटात अन्न नाही. पाणी चढलेलं, काहील बंद. ही हुडवी कुणासाठी आहे हे साऱ्या वाडीला ठाऊक होतं आणि आप्पांनाही. ते पडल्या पडल्या दारातून तिच्याकडे बघत राहायचे.

पुराच्या बाराव्या दिवशी, सकाळी, माझ्या आईला कळा सुरू झाल्या. आठवा महिना होता. मी जन्मले ती पसाभर, निळी, रडायचंसुद्धा बळ नसलेली. सुईणपण करणाऱ्या अंबुबाईनं मला कापसात गुंडाळलं आणि सांगितलं, “ऊब घावली तर जगंल. रातध्याड ऊब पायजे, पंधरा-वीस दिस.” आमच्या घरात तर भाकरीपुरतंही जळण उरलं नव्हतं. इतरांकडे होतं ते कसंबसं दोन वेळच्या चुलीपुरतं.

बाहेर माणसं जमली. वाडीतले थोरले मष्णूआप्पा म्हणाले, “आठव्या म्हयन्याची, त्यात पोरगी. तिच्यापायी जळान कशाला घालीवताय?” या मष्णूआप्पांना पुढे मोठी झाल्यावर मी रोज ताक नेऊन देत असे. आंबट झालेलं, निवडून.

आक्का तडक घरी गेली. शब्द तिनं सासऱ्याला दिला होता, तेव्हा विचारायचं ते त्यांनाच. पुढचं सगळं अंबुबाईनं दारातून ऐकलं.

“मामंजी, आत्ता जल्मल्याल्या प्वाराला ऊब पायजे. हुडवी फोडू का?”

आप्पांनी विचारलं, “कुनाचं प्वार?”

“परशरामची पोरगी.”

“त्येनं शेण्या दिल्या न्हाईत.”

“न्हाय दिल्या.”

“कितव्या म्हयन्याची?”

“आठव्या.”

भावकू ज्या पाण्यातून गेला ते पाणी दारातून दिसत होतं. म्हाताऱ्यानं तिकडे पाहिलं आणि कोपरावर उठायला लागला.

“मला उचला. तिच्या घरला न्या. शेण्या राखून जाळायचं तुमा बायकांचं काम न्हवं. दोन दिसांत सपवशीला.”

“आनि तुमी, मामंजी?”

“पानी उतरल्याबिगार म्या मरत न्हाय. शबूद हाय माजा.”

हुडवीचं लिंपण आक्कानं स्वतःच्या हातानं फोडलं. माझा बाप तिथे उभा होता. शेणी उचलायला त्याचा हात पुढे होईना. “उचल रं,” ती म्हणाली. “तुजीच पोर हाय.” त्यानंतर या विषयावर ती त्याला जन्मात एक शब्द बोलली नाही. बाप म्हणायचा, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चौघांनी आप्पांना घोंगड्यासकट उचलून आमच्या पडवीत आणलं. बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी शेगडी मांडली आणि जन्मभर काहिलीला जाळ घालणारा तो माणूस एका मुठीएवढ्या पोरीसाठी जाळ घालायला बसला. एका शेणीचे चार तुकडे करायचे. एक धुमसता ठेवायचा, वर राख ओढायची, तो संपत आला की मगच दुसरा. नदीतले गोटे शेगडीत तापवायचे, फडक्यात गुंडाळायचे आणि माझ्या दोन्ही अंगांना ठेवायचे. गोटा किती तापला ते आप्पा स्वतःच्या गालाला लावून बघत. आक्का आणि ते आळीपाळीनं जागत. शेणी हातात घेतली की तिच्यावरचा पंजा बघून ती कुठल्या बाईची ते सांगायचे, “ही मालूची. ही जयवंताची. ही माज्या सुनंची.” स्वतःचं सरण ते असं एकेक तुकड्यानं माझ्या उशाशी जाळत होते, आणि जाळता जाळता माझ्याशी गप्पा मारत होते.

आणि गंमत अशी की त्या शेकानं त्यांच्या पायांची सूज उतरली. आईसाठी केलेली पेज आणि सुंठीचा काढा अंबुबाई त्यांनाही अर्धा अर्धा देऊ लागली. बाळंतिणीचं पथ्यपाणी म्हाताऱ्याला इतकं मानवलं की दहाव्या दिवशी त्यांनी भाकरी मागितली. त्याच दिवशी मी पहिल्यांदा घसा फोडून रडले. आप्पा पडवीतून ओरडले, “नागू, ऐकलंस का गं?” आक्का भाकऱ्या थापत होती. तिनं ऐकलं होतं. पिठाच्या हातानं डोळे पुसत ती तशीच थापत राहिली.

माझ्या जन्माच्या सतराव्या दिवशी पाणी उतरलं. साडेपाचशेतल्या सत्तर शेण्या शिल्लक होत्या.

आप्पांनी शब्द पाळला, आणि वर तीन वर्षं घेतली. माझ्या बापानं त्या तीन वर्षांत एकही शेणी विकली नाही. सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात आई हुडवीसाठी थापायला बसली तेव्हा मीही शेजारी बसले आणि एक थापली म्हणे. वेडीवाकडी, बशीएवढी, वर माझा इवलासा पंजा. आई ती मोडायला निघाली तर आक्का म्हणाली, “ऱ्हाऊ दे. तिचंबी घर हाय की ह्या वाडीत.”

स्वातंत्र्य यायला महिनाभर राहिला होता. आषाढातला पूर, सहावा दिवस. दुपारी जेवून पडवीत टेकलेले सुबरावआप्पा उठलेच नाहीत. काहील बंद होती, चहूकडे पाणी होतं, आणि हुडवी भरलेली होती.

वाडीच्या टोकाला, उंचवट्यावर, बापानं सरण रचलं. आप्पांना मुलगा उरला नव्हता, म्हणून आग द्यायचा मान आक्कानं त्यालाच दिला. शेण्या रचता रचता त्याच्या हाताला ती बशीएवढी शेणी लागली. ती घेऊन तो आक्काच्या दारात आला. त्यानं ती नुसती पुढे धरली.

आक्कानं त्या पंजावर आपलं बोट फिरवलं. “छातीवर ठेव,” ती म्हणाली. “त्येंचीच हाय ती.”

बायका मयताला जात नाहीत. पण ती जागा तिच्या उंबऱ्यातून दिसायची. जाळ वर चढला तसा आक्काचा बांध फुटला. एकवीस वर्षांत तिला कुणी असं रडताना पाहिलं नव्हतं. ती सासऱ्याला रडत होती आणि भावकूला रडत होती, त्याचं नाव घेऊन, मोठ्यानं. माझी आई तिला धरून बसली होती आणि मी आईच्या पदराला.

माणसं परत आली तेव्हा ती उठली, तोंडावर पाणी मारलं आणि माझ्या बापाला हाक मारली.

“परशराम, हुडवी मोकळी झाली रं. पानी अजून हाय.”

बाप आमच्या घरात गेला आणि चुलीमागच्या शेण्या बाहेर आणून ठेवू लागला. पन्नास झाल्या तरी तो थांबला नाही.