अत्तर लावलेल्या तीन नोटिसा

मी माझ्या नवऱ्याला तापात नगरपालिकेच्या दंडाची नोटीस पाजलेली आहे. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढं जे रक्त सांडलं त्याचं खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं हे तुम्हाला शोधत बसायला नको. ती बाई मीच. आता माझे दात हलतात म्हणून नातवंडं मला गरीब समजतात. त्यांना मी त्या दंड करायला आलेल्या माणसाच्या हातावरचा चट्टा दाखवायला हवा होता.

अरबांच्या मुलखात, तबूकमध्ये आमचं शिवणाचं दुकान होतं. पुढं दुकान, मध्ये जाड पडदा, पडद्यामागं आमच्या दोन खोल्या. लष्करातले शिपाई गणवेश शिवायला आणि आल्टर करायला यायचे. कापड बेतायचं काम यांचं. यांच्या उजव्या हातात ती मोठी कात्री अशी चालायची, की कापडाला कळायचंसुद्धा नाही आपण कधी कापले गेलो. दुकानाचा परवाना कफीलच्या, म्हणजे आम्हाला तिथं ठेवून घेणाऱ्या अरब मालकाच्या नावावर, पण भरायचं आम्ही. त्या वर्षी पाटीची आणि परवान्याची वर्षाची पट्टी राहिली होती. हे म्हणायचे, "बलदियाची नोटीस येईल, मग भरू. घाई कशाला?" बलदिया म्हणजे तिथली नगरपालिका. दर आठवड्याला मला विचारायचे, "नोटीस आली काय गो?"

मी म्हणायची, "नाय."

आणि नोटीस माझ्या कपाटावर.

मी गावाकडं खाडीकाठच्या मदरशात कुराण घडाघडा वाचायला शिकले होते. वाचायला, अर्थ लावायला नव्हे. आमच्या गावात अरबी अक्षरांचा कागद वाटेत पडलेला दिसला तर उचलायचा, डोळ्यांना लावायचा, कुणाचा पाय लागणार नाही असा उंच ठेवायचा. एका सकाळी शटरसमोर झाडत होते, तर शटरवर कागद चिकटवलेला. वर ठळक बिस्मिल्ला. खाली ओळीच ओळी आणि एक सुंदर गोल शिक्का. मला वाटलं, कुणी भल्या माणसानं दुकानाला बरकत यावी म्हणून दुआ लावली. चिकटपट्टी नखानं हलकेच सोडवली, कागद हिरव्या रुमालात गुंडाळला, अत्तराचं बोट लावलं. काही दिवसांनी दुसरा आला, मग तिसरा. तिसऱ्याचा शिक्का लाल होता. मला तोच जास्त पावरफुल वाटला.

कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की बरकत जाते, अशी या शहाणीची, माझी समजूत.

मग यांना ताप आला. तीन दिवस मी तिन्ही कागद सुरात वाचले, पाण्यावर फुंकर मारली आणि पेला यांच्या तोंडाला लावला. हे बिचारे डोळे मिटून प्यायले.

ताप उतरला चौथ्या दिवशी. पाचव्या दिवशी बलदियाचे लोक आले.

चौघं होते. फाईल घेतलेला, पायघोळ पांढऱ्या थोबमधला साहेब आणि नारिंगी बंड्या घातलेले तीन मजूर. मी पडद्याआड इस्त्री करत होते. साहेब काहीतरी ओरडला. मजुरांतल्या एकानं हिंदीत सांगितलं, "दुकान सील होगा. मशीन जाएगा."

हे म्हणाले, "नोटीस किधर है? नोटीस दिया ही नहीं!"

"तीन बार दिया."

"एक बार भी नहीं! अल्लाकसम!"

साहेबानं फाईल टेबलावर आपटली. मजुरांनी मशीन धरली. तिच्या सुईखाली एक अर्धा गणवेश होता, तो टर्रकन फाटला. यांनी मशीनला मिठी मारली. मशीन गेली तर दुकान गेलं, दुकान गेलं तर कफील आमचा इकामा, तिथं राहायचा परवाना, कशाला वाढवेल? मग सामान बांधून गावी. एवढं सगळं त्या मिठीत होतं. एका मजुरानं यांना ढकललं. यांचं डोकं बेतायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलं, भुवई फुटली आणि रक्त डोळ्यात उतरलं.

मी पडदा फाडूनच बाहेर आले. हातात इस्त्री होती, तापलेली. साहेबानं मला अडवायला हात पुढं केला, तर मी इस्त्री त्याच्या मनगटावर टेकवली. टेकवली म्हणते, दाबली होती. कापड जळलं, खाली कातडी जळली, तो वास मला अजून आठवतो. तो किंचाळला. दुसऱ्या मजुरानं माझा दंड धरला, मी त्याच्या हाताचा चावा घेतला, रक्ताची चव येईपर्यंत सोडला नाही. इस्त्री तिसऱ्याच्या अंगावर फेकली, ती चुकून आरशाला लागली आणि आरशाचा चुरा झाला. तोंडानं मी काय काय बोलत होते ते लिहिण्यासारखं नाही. सगळं आमच्या खाडीकडलं होतं, तिथं कुणालाच कळलं नाही, एवढंच बरं.

चौघंही मागं सरत पायरीखाली उतरले. मशीन आतच आडवी पडली होती. आणि तेव्हा माझ्या डोक्यात अक्कल चमकली, की शटर ओढू, मशीन आत, हे लोक बाहेर. मी उडी मारून शटरची कडी धरली आणि सगळं अंग टाकून लोंबकळले. शटर खडखडत खाली आलं.

हे उंबरठ्यावर गुडघे टेकून होते. झटापटीत त्यांची कात्री बाहेर पडली होती, ती उचलायला त्यांनी उजवा हात बाहेर घातला होता.

शटर पूर्ण बंद झालं नाही. आवाज वेगळाच आला. मग यांचा आवाज आला.

मला शटर वर उचलवेना. बाहेरून पहार घालून ज्यानं ते उचललं, तो मी चावलेला मजूर. त्याच्याच हातातून रक्त गळत होतं आणि तो मला बहीण म्हणत ओढणी मागत होता, "बाजी, दुपट्टा दो, जल्दी!" त्यानं यांची बोटं ओढणीत गच्च बांधली.

साहेब मनगट धरून भिंतीला टेकला होता. दुसऱ्या हातानं त्यानं फाईलमधली स्थळप्रत काढली आणि माझ्या नाकासमोर फडफडवली. वर बिस्मिल्ला. खाली लाल गोल शिक्का.

मी आत गेले आणि हिरवा रुमाल आणून त्याच्या हातात दिला. त्यानं गाठ सोडली. तीन कागद, घडी न मोडलेले, अत्तराचा घमघमाट. तो कागदांकडे बघे, माझ्याकडे बघे. चावलेल्या मजुरानं हळूच विचारलं, "बाजी, ये संभाल के क्यों रखा?" साहेब स्टुलावर बसला.

मशीन त्यांनी नेलीच.

संध्याकाळी कफील आला. त्यानं स्टूल लाथेनं उडवलं, "खलास! खलास!" म्हणत काचांवरून येरझाऱ्या घातल्या आणि शेवटी, परवाना त्याच्याच नावाचा म्हणून, जाऊन सगळं भरून आला. पैसे आमच्याकडून वळते करणार होताच. साहेबानं माझ्याविरुद्ध तक्रार लिहिली नाही. बाईनं इस्त्रीनं भाजलं, असं सरकारी कागदावर कोण लिहील? आठवड्यानं मशीन परत आली, तेव्हा शिपायांचे गणवेश ढिगानं पडून होते.

पण यांची दोन बोटं पुन्हा वळली नाहीत. अंगठा कात्रीच्या कडीत जाईना. मशीन चालवायला माणूस मिळतो, कापड बेतणारा मिळत नाही. हे रोज टेबलाशी बसायचे, कात्रीकडे बघायचे, माझ्याशी बोलायचे नाहीत. नोटिसा लपवल्या हे त्यांना कळलं होतं. पाजल्या हे कळलं नव्हतं.

एका दुपारी मला राहवेना. मी सगळं सांगितलं, पाण्याचं, फुंकरीचं, लाल शिक्क्याचं. आणि म्हटलं, "मारा मला. त्या हातानं नाय तर डाव्यानं मारा."

यांनी डावा हात उचलला. मी डोळे मिटले. टेबलावरून काहीतरी घासत माझ्यापर्यंत आलं आणि हाताला थंड लोखंड लागलं.

"उचल कात्री. मी सांगतो तसं काप. आणि पुढल्या खेपेला मना ताप आला, तर गोळी दे गो बाय, गोळी."