खिडकीआड न बसलेल्या नसीम मॅडम

"कुणी सोडलं या दुकानदारांना वॉर्डात? व्हा बाहेर!"

मोठे डॉक्टर असे गरजले की दौंड जंक्शनात उभी असलेली मालगाडी सिग्नल नसताना हलली, हे मी आजही शपथेवर सांगतो. 'दुकानदार' म्हणजे आम्ही, नुकतेच बी.फार्म. होऊन दौंडच्या हॉस्पिटलात लागलेले. कोट कडक. आमच्या पुढं आम्हाला शिकवणाऱ्या नसीम मॅडम. उंचीनं सलाइनच्या स्टँडच्या निम्म्या, पण दारात अशा रोवून उभ्या की आम्हाला पळायचं म्हटलं तरी वाट उरली नव्हती.

"दुकान गेटापाशी आहे, डॉक्टरसाहेब. ही पोरं इथं शिकायला आलीत. शिकूनच जातील."

गेल्या महिन्यात मॅडम गेल्या. मी आता शिरूरला असतो, तिथं फोन आला तेव्हा माझा विश्वास बसेना. मृत्यू दारात आलाच असेल तर "आधीची कुठली औषधं चालू आहेत?" असं मॅडमनी त्यालाच विचारलं असेल... आणि उत्तर मिळेपर्यंत ताटकळत ठेवलं असेल.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मॅडम दौंडच्याच, शेखांच्या घरातल्या. पुण्यात एम.फार्म. करून गावी परतल्या त्या एक हट्ट घेऊन. पदवी मिळाली म्हणून कुणी फार्मासिस्ट होत नाही. वर्षभर खाटेपाशी उभं राहायचं, रोग्याशी बोलायचं, मग तोंड उघडायचं. पदवीनंतरचं असलं शिक्षण आमच्या तालुक्यानं स्वप्नातही पाहिलं नव्हतं. औषधवाल्यानं खिडकीआड बसून गोळ्या द्याव्यात, एवढंच डॉक्टरांना ठाऊक. त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी बजावलं, "आठवडा देतो. उपयोग दिसला नाही तर तुमचा वर्ग बंद."

त्याच आठवड्यात खुटबावचे एक आबा दम्यानं दाखल होते. जन्म मेंढरांमागं गेलेला, आता शेती. औषधाचा डोस वाढत होता आणि आबांचा भाता तसाच फुसफुसत होता. मी पुस्तकी थाटात विचारलं, "आबा, कॅप्सूल वेळेवर घेता का?"

"व्हय की! एक बी चुकवली न्हाई."

मी विजयी मुद्रेनं मॅडमकडं वळलो. त्या म्हणाल्या, "घेता का, हे विचारायचं नाही. घेऊन दाखवा म्हणायचं."

आबांनी कॅप्सूल काढली, चहाचा कप उचलला आणि गटकन गिळली! जी यंत्रात घालून, फिरवून, तोंडानं आत ओढायची ती पोटात. छातीचं औषध आतड्यात फिरत होतं.

"आन् ते यंत्र कुठंय, आबा?" मॅडमनी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"ते व्हय? कापडात गुंडाळून ठिवलंय. नाजूक दिसतंय. नातवंडांनी फोडलं म्हंजी?"

आम्ही फिदीफिदी हसलो. मॅडमनी नुसतं पाहिलं... आमचं हसू तिथंच वाळलं. मग त्या आबांच्या खाटेवर बसल्या आणि स्वतः श्वास ओढून दाखवत राहिल्या, आबांना जमेपर्यंत. दोन-तीन दिवसांत आबांचा आवाज असा मोकळा झाला की त्यांनी खाटेवरून हाळी दिली आणि खुटबावची मेंढरं माघारी वळली म्हणतात. मी पाहिलेली नाहीत, पण नाकारणारा मी कोण?

डॉक्टरांनी चूक वगैरे कबूल केली नाही. पुढच्या राऊंडला शेजारच्या खाटेपाशी थांबून मला एवढंच म्हणाले, "यांचं औषध कसं चाललंय? मोठ्यानं सांगा." वर्ग वाचला. पुढं दरवर्षी नवी पोरं येत राहिली. एकदा आम्हाला वॉर्डातून हलवायला कुणीतरी युक्ती केली, वर्गासाठी वेगळी खोली दिली, खुर्च्यांसकट. मॅडमनी खुर्च्या रोग्यांच्या नातेवाइकांना दिल्या, खोलीला कुलूप घातलं आणि पोरं घेऊन पुन्हा वॉर्डात!

त्या गेल्या आणि दहा-बारा दिवसांत बातमी कानावर आली. नव्या व्यवस्थापकांनी फर्मान काढलं होतं की शिकाऊ फार्मासिस्टांनी उद्यापासून वॉर्ड सोडून खिडकीआड बसावं. माझं डोकं फिरलं. शिरूर ते दौंड अख्ख्या एसटीला ऐकू जाईल असं भाषण घोकत गेलो. कंडक्टरनं तिकीटही भीत भीत फाडलं. वॉर्डाच्या दारात पोचलो आणि हात उगारून गरजलो, "कोण काढतंय तुम्हाला बाहेर? नाव सांगा!"

नव्या तुकडीतली एक मुलगी औषधांची ट्रॉली ढकलत आत निघाली होती. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही.

"सांगून गेलेत ते. आम्ही ऐकून घेतलं. ट्रॉली जाऊ द्या, सर."