टिपणीस मास्तरांचा सभात्याग

हेरंब टिपणीस माझ्या आईचे थोरले भाऊ. दिवसा परळच्या एका शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी लालबागला गिरणी कामगारांच्या रात्रशाळेत जायचे. हिंदमाताजवळ दोन खोल्यांत ते आणि नलूमामी राहत. मूलबाळ नव्हतं. छप्पन साली सत्याग्रह करून मामा तुरुंगात गेले आणि परत येऊन पुन्हा खडू हातात घेतला. सत्तावन्नच्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीतल्या पक्षांचं मामांच्या मतदारसंघावरून आपसांत जमेना, तेव्हा कुणाच्याच डोळ्यांत न सलणारा माणूस म्हणून मामांचं नाव पुढे आलं. ते निवडून आले. गुलालानं माखलेले मामा घरी आले तेव्हा मामींनी आधी त्यांना मोरीत उभं केलं आणि मग ओवाळलं.

आमदार झाल्यावर काय करायचं हे त्यांच्या मनात पक्कं होतं. रात्रशाळेत दौलत परब नावाचा त्यांचा एक विद्यार्थी होता, सावंतवाडीकडचा. गिरणीच्या कार्डिंग खात्यात, जिथे कापूस पिंजला जातो आणि हवेत सतत धूळ तरंगते, तिथे त्याची उमर गेली. सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेलं की त्याची छाती आवळून यायची, मग हळूहळू रोजच आवळायला लागली. शेवटी गिरणीनं त्याला अपात्र ठरवून घरी बसवलं. डॉक्टरांनी जुनाट खोकला असं लिहिलं. खोकल्याला कोण जबाबदार? बिडी ओढत असेल, असं सगळे म्हणाले. दौलतनं जन्मात बिडी ओढली नव्हती.

मामांनी एका वकील स्नेह्याला धरलं आणि विधेयक तयार केलं. धूळ ओढून घेणारी यंत्रं गिरण्यांनी बसवावीत, कार्डिंगच्या कामगारांची छाती दरवर्षी तपासावी आणि हा दमा कामामुळे जडलेला आजार म्हणून कायद्यानं मानावा, एवढंच त्यात होतं. आमदारांच्या खासगी विधेयकांना आठवड्यातून एखाद्या शुक्रवारी थोडा वेळ मिळायचा, तोही चिठ्ठ्या टाकून. पहिल्या वर्षी मामांची चिठ्ठी निघाली नाही. अठ्ठावन्नच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात मात्र निघाली, नेमकी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसाची. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, विधेयक प्रवर समितीकडे, म्हणजे निवडक आमदारांच्या छाननीसाठी, पाठवायला सरकार विरोध करणार नाही, असं खुद्द मंत्र्यांनी त्यांना बोलावून सांगितलं. मामी सांगायच्या की त्या आठवड्यात मामा आंघोळ करताना गुणगुणत होते. मामांना गाता येत नाही हे तोवर मामींना ठाऊकच नव्हतं.

शेवटच्या दिवशी मामांनी दौलतला आणि त्याची बायको सुभद्रा हिला प्रेक्षकांच्या सज्जाचे पास दिले. लालबागहून टॅक्सी करून स्वतः घेऊन गेले. विधानसभा भरायची त्या कौन्सिल हॉलचा जिना दौलतला थांबत थांबत चढावा लागला. सज्जात बसल्यावर बराच वेळ त्याला श्वास सापडेना. मामा त्याच्याजवळ उभे राहिले, तो सावरल्यावरच खाली आपल्या बाकावर गेले.

सकाळचं कामकाज नेहमीसारखं झालं. मग समितीच्या नेत्यांनी मागणी केली की अधिवेशन संपण्यापूर्वी गुजरातसह असलेलं द्वैभाषिक राज्य मोडून महाराष्ट्र वेगळा करण्यावर सभागृहात चर्चा व्हावी. वेळ उरलेला नाही, असं अध्यक्षांनी सांगितलं. गलका झाला. मामांच्या मागच्या बाकावर समितीच्या गटाचे प्रतोद तात्या दिघे बसायचे. सभागृहात कुणी कधी उठायचं आणि कधी बसायचं हे तेच ठरवत. ते वाकून मामांच्या कानाशी म्हणाले की आपण सगळे सभात्याग करतोय.

मामांनी त्यांना विनवलं. दुपारचं पहिलंच विधेयक माझं आहे, एक तास थांबू, मग मीच सगळ्यांत आधी उठतो. तात्या वाईट माणूस नव्हते. मामांचा मसुदा त्यांनी वाचला होता, दोन ठिकाणी सुधारलाही होता. पण तासाभरानं उठण्याला काही अर्थ नव्हता, हे त्यांचंही खरं होतं.

"टिपणीस, तुम्ही एकटे बसून राहिलात तर उद्या पेपरात काय येईल? समितीचा माणूस सरकारच्या मांडीला मांडी लावून बसला. लालबागमध्ये कुणाला समजावून सांगणार आहात धूळ आणि छाती?" मग हलक्या आवाजात म्हणाले, "महाराष्ट्र होऊ द्या. पहिलं बिल तुमचं."

सगळी समिती घोषणा देत उठली. मामाही उठले.

वर सज्जात दौलतला वेगळंच वाटलं. आपल्या माणसांना एकदम उभं राहून ओरडताना पाहिलं तसा तोही कठड्याला धरून उठला आणि बायकोला म्हणाला, "आपला बिल इला वाटता." पहारेकऱ्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. हे सुभद्रेनं नंतर मामींना सांगितलं. मामांनी त्या वेळी वर पाहिलं नव्हतं.

बाहेर पायऱ्यांवर फोटोवाले होते. मामांना कुणीतरी पुढे ढकललं. घोषणा संपल्यावर मंडळी पांगली, काही जण सभेची तयारी करायला गिरगावात गेले. मामा मात्र परत येऊन सभागृहाच्या दाराबाहेरच थांबून राहिले. दुपारी आत कामकाज सुरू झालं. अध्यक्षांनी त्यांचं नाव पुकारलेलं त्यांना स्पष्ट ऐकू आलं.  अध्यक्षांनी पुन्हा नाव घेतलं. आता आत जावं तर सभात्याग मोडला, आणि न जावं तर विधेयक गेलं. दाराच्या मुठीवर हात होता, असं मामा म्हणायचे. तो हात कुणी धरला नव्हता.

सदस्य गैरहजर म्हणून विधेयक मांडलं गेलं नाही. उरलेली कामं भराभर उरकली आणि अधिवेशन संपलं. दारं उघडली. सरकारी बाकांवरचे आमदार हसत बाहेर आले, कुणी महाबळेश्वरचं बोलत होतं, कुणी मुलीच्या लग्नाचं. मंत्री मामांजवळ क्षणभर थांबले. मी तर तयार होतो, मास्तर, एवढंच म्हणाले आणि गेले. सभागृह रिकामं झाल्यावर मामा आत जाऊन आपल्या जागेवर बसले. शिपाई बाकांवरचे कागद गोळा करत होते. त्यात विधेयकाच्या छापील प्रतीही होत्या, बऱ्याचशा न उघडलेल्या. शिपायानं विचारलं, साहेब, हे तुम्हाला हवेत का? मामांनी नकारार्थी मान हलवली.

खाली दौलत आणि सुभद्रा वाट पाहत उभे होते. काय झालं ते मामांनी त्यांना उभ्या उभ्या सांगितलं, काही लपवलं नाही. पुढच्या अधिवेशनात पुन्हा चिठ्ठी टाकीन म्हणाले.

दौलत म्हणाला, "मास्तरांनू, महाराष्ट्र आमकां पण व्हयोच आसा. तुमी बरोबर केलात."

 सुभद्रेनं नवऱ्याकडे पाहिलं आणि मामांना विचारलं, "पुढच्या टायमाक हे आसतले काय?"

मामा टॅक्सी आणायला रस्त्यावर गेले. 

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मामा सगळ्यांच्या पुढे, तोंड उघडं, हात वर. शाळेत त्यांना हार घातला. हिंदमाताच्या एका साडीवाल्यानं तो फोटो कापून दुकानात लावला. मामी म्हणायच्या, त्या दिवसापासून त्या दुकानावरून जायचं टाळण्यासाठी ते पलीकडच्या फुटपाथनं चालत.

पावसाळी अधिवेशन पुण्याला झालं. मामांची चिठ्ठी निघाली नाही. दिवाळीच्या आधी दौलत गेला. शेवटचे काही दिवस तो आडवा होऊ शकत नव्हता, भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचा. मामा रोज जात. चाळीतले लोक त्यांना बसायला खुर्ची देत, चहा देत, महाराष्ट्र कधी होणार ते विचारत. बिलाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. कुणी तोंडावर दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं मामा मामींना म्हणाले.

साठ साली महाराष्ट्र झाला. आमच्या गल्लीत रोषणाई होती, मीही मित्रांबरोबर रात्रभर हिंडलो. मामांना चौकातल्या सभेत बोलायला उभं केलं. जे या दिवसासाठी गेले त्यांची आठवण ठेवा, असं काहीसं बोलून ते खाली बसले. लोकांना वाटलं, मास्तरांना गहिवरून आलं.

पुढच्या आठवड्यात ते तात्यांकडे गेले. तात्या शब्दाला जागणारे होते, पण आता त्यांच्या शब्दाला वजन राहिलं नव्हतं. समितीतले पक्ष वेगवेगळे होत होते, एकमेकांशी बोलत नव्हते. तात्यांनी मामांना जेवायला बसवलं आणि जेवताना स्वतःच्याच पक्षाच्या तक्रारी सांगितल्या. मामांनी विधेयकाचा विषय काढला नाही.

त्याच पावसाळ्यात सुभद्रा हिंदमाताच्या घरी आली. गावाहून धाकटा दीर आला होता, घरात कमावतं कुणी नव्हतं. दौलतच्या जागी गिरणीत त्याला लावून घेतील, पण आमदारांचा शब्द लागेल, असं तिला गिरणीत माणसं लावून देणाऱ्या जॉबरनं सांगितलं होतं. मामांनी विचारलं, खातं कुठलं? ती म्हणाली, तेच. मामा म्हणाले, दुसरीकडे बघू, प्रेसमध्ये बघू, शाळेत शिपाई म्हणून बघू. त्यांनी खरंच पाहिलं, दादरपासून शिवपर्यंत हिंडले. जागा कुठेच नव्हती. सुभद्रा पुन्हा आली आणि दाराशी बसून राहिली.

शेवटी मामा गिरणीत जाऊन लेबर ऑफिसरला भेटले. काम पाच मिनिटांत झालं. आमदारकीच्या तीन वर्षांत इतकं झटपट कुठलंच काम झालं नव्हतं, असं त्यांनी घरी येऊन सांगितलं आणि टोपी काढून खुंटीला लावली.

बासष्टला ते उभे राहिले नाहीत. त्याआधीच एका सकाळी सुभद्रा पेढे घेऊन आली होती, दीर त्याच खात्यात कायम झाला म्हणून. मामींनी बशी पुढे केली. मामांनी एक पेढा घेतला, कारण ती समोर उभी होती.