आवाजाला नेट लागतं

रविवार, ता. १४, दुपारी साडेचार. ठिकाण: उंब्रज, मामांच्या घराची पडवी. हजर: मामा, मामी, शेजारच्या आक्का आणि मी. गैरहजर: आमचे हे, ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम गाठायला गेल्यामुळे. विषय: घरात वायफाय घेणे. माझ्या वहीतली त्या दिवसाची नोंद इथंच संपते. वहीत जे आलं नाही ते असं, की माझ्या मामेसासऱ्यांइतका, म्हणजे आमच्या ह्यांच्या मामांइतका, मोबाइलचं नेट जपणारा माणूस कृष्णाकाठी दुसरा झाला नाही, आणि आणखी एक होण्याची गरजही नाही.

मामा तोफखान्यातून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली. त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यात एक शेवग्याचं झाड आणि तारेचं कुंपण एवढंच अंतर आहे, त्यामुळे मी जे सांगते ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पुण्याच्या मुलानं त्यांना मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला, मालिका बघायची वर्षाची वर्गणी भरली आणि रोज दीड जीबीचा पॅक मारून दिला. मुलाला वाटलं, म्हातारा-म्हातारी मजेत बघतील. त्यानं बापाला ओळखलं नव्हतं. मामांनी दीड जीबी म्हणजे दीड घागर पाणी असा अर्थ घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून घरात नेटचा दुष्काळ जाहीर केला. काम झालं की ते नेट बंद करत आणि फोन पालथा घालत, कारण पडदा वर असला की नेट ‘पाझरतं’. सकाळी-सकाळी नातेवाईक गुलाबाच्या फुलावर सुविचार पाठवत. ते उघडायला बंदी होती. जास्वंद चालायची. गुलाबाला पाकळ्या जास्त. मालिकेच्या मधे जाहिरात लागली की मामा फोनवर टोपी झाकत. “आपून बघितलीच न्हाई तर तिचं नेट आपल्या नावावर कसं पडंल?” हा त्यांचा सवाल होता.

मी कऱ्हाडच्या एका सकाळच्या शाळेच्या कार्यालयात आहे आणि याद्या करणं हा माझा स्वभाव आहे. किराणा, विम्याचे हप्ते, कुणाकडून कुठला डबा परत यायचा आहे, सगळं वहीत असतं. तशी एका पानावर ‘मामा – नेट बचत’ असं शीर्षक घालून मी मामांच्या युक्त्या लिहीत गेले. आवाजी संदेश न ऐकणे, हे त्यात आलं. कुणी बोलून निरोप पाठवला की मामा म्हणत, “लिहून धाडा म्हणावं. हात मोडलाय का?” फोनवर दहा शब्दांच्या वर न बोलणे, हेही आलं. पुण्याहून मुलाचा फोन आला की मामा तो कानाला लावत, “मी बरा हाय. पाऊस बरा हाय. आईशी बोल,” असं एका दमात म्हणत आणि फोन मामींच्या हातात देत. बोलायला नेट लागत नाही, बोलणं फुकट असतं, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, “फुकट हाय म्हणून उधळायचं आसतंय व्हय?”

पण या सगळ्या यादीचा कळस म्हणजे त्यांचा आवाजाचा सिद्धांत. मालिका बघायची ती आवाज पूर्ण बंद करून, कारण नेट खरं आवाजाला लागतं. “चित्र हलकं आसतंय गं सूनबाई,” मामा मला समजावत. “आवाज जड. ट्रकात कापूस भरला आन लोखंड भरलं, तर ट्रक सारकाच पळंल का?” मी म्हटलं, मामा, उलटं आहे, चित्रालाच सगळं नेट जातं, आवाज बंद करून काही वाचत नाही. त्यावर ते माझ्याकडे फार मायेनं बघत म्हणाले, “तू शाळंत असतीस. तिथं पुस्तकातलं खरं धरत्यात.”

आता मुकी मालिका बघणार कोण? तर सगळी आळी, कारण मामा स्वतः बोलत. रोज दुपारचा चहा झाला की पडवीत पाटावर तांब्या ठेवायचा, तांब्याला फोन टेकवायचा, समोर मामी आणि आक्का बसायच्या, आणि बाजूला खुर्चीत मामा पडद्यावरच्या प्रत्येक माणसाच्या तोंडचं बोलत. सध्या चालू होती ती कोरियातली मालिका होती. चाळीस मजल्यांची काचेची इमारत, गोरीपान माणसं, सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं. मामांनी पहिल्या भागातच इमारतीला साखर कारखान्याचं ऑफिस केलं आणि कोटातल्या देखण्या पोराला चेअरमनचा मुलगा केला.

“ही म्हंती,” मामा सुरू करत, “ ‘सायेब, मी गरीब आसंन, पर माझ्या बापानं कुणाचा बांध कोरला न्हाई.’ ”

“आगं बया,” आक्का म्हणत. “आन त्यो काय म्हंतो?”

“त्यो म्हंतो, ‘मला बांध नगं. मला तू पायजेस.’ ”

“आन ती चष्मेवाली कोन वो भावजी?”

“ती आई त्याची. ती म्हंती, ‘पोरगी गुणाची हाय, पर रानात पाण्याची हीर न्हाई.’ ”

यावर आक्का त्या चष्मेवालीला अशा शिव्या घालत की त्या इथं लिहिता येणार नाहीत. मामींची तऱ्हा वेगळी. हातातली भाजी निवडत, कधी पडद्याकडे आणि जास्त वेळ मामांकडे बघत त्या ऐकत. एकदा त्या पोराची आणि पोरीची पावसात छत्रीखाली ताटातूट झाली, तेव्हा मामांनी पोराच्या तोंडी घातलं, “ ‘मी पलटनीतनं रजा काढून येईन, पर दसऱ्याला येईन.’ ” कोरियातल्या कारखान्याच्या चेअरमनचा पोरगा पलटनीत कधी गेला, हे कुणी विचारलं नाही. आक्का पदरानं डोळे पुसत होत्या. मामी भाजीत तोंड घालून हसत होत्या, पण त्यांचेही डोळे ओले होते.

हे सगळं छान चाललं होतं. पण मी व्यवस्थित माणूस आहे. व्यवस्थित माणसाला छान चाललेलं बघवत नाही. त्याला ते आणखी नीट करायचं असतं. आमच्या आळीत केबलवाल्यानं वायफायची वायर आणली तेव्हा मी एकाच जोडणीत आमच्या दोन्ही घरांचं भागेल असं ठरवलं, सगळा खर्च माझ्याकडे घेतला आणि त्या रविवारी माणूस बोलावून मामांच्या पडवीत डबा बसवून घेतला. डब्यावर हिरवा दिवा लागला. मामांनी मान वर करून बराच वेळ त्या दिव्याकडे पाहिलं.

मी त्यांच्यासमोर उभी राहून सांगितलं, “मामा, हे नेट संपत नाही. कितीही बघा.”

“सपत न्हाई म्हंजे?”

“संपतच नाही.”

“मग त्येची किंमत काय ऱ्हायली?” मामा म्हणाले, आणि पाटावर तांब्या ठेवायला उठले.

मी वायरवाल्याला हिशेब चुकता करून परत आले तेव्हा मालिका सुरू झाली होती. मामा नेहमीप्रमाणे बोलत होते. मी मागून गेले, फोन उचलला, आवाज पूर्ण मोठा केला आणि परत तांब्याला टेकवला. हिंदीतून खणखणीत बोलणं सुरू झालं. बाजूच्या रस्त्यावरचा ट्रकसुद्धा त्यापुढे कमी वाटला. मी मामांकडे अभिमानानं पाहिलं. बक्षीस घ्यायला उभ्या राहिलेल्या मुलीसारखी मी उभी होते.

मामा बोलतच राहिले.

फोनमधली चष्मेवाली बाई सांगत होती, की मी या कंपनीची वकील आहे आणि तिजोरीतली फाइल गायब झाली आहे. मामा म्हणाले, “आई म्हंती, ‘तुझ्या बापाला दम्याचा तरास हाय. तू हट्ट करू नगंस.’ ” फोनमधला पोरगा ओरडला, की हिला आजच्या आज नोकरीवरून काढा. मामा हळू आवाजात म्हणाले, “त्यो म्हंतो, ‘आई, म्या तिला सबूद दिलाय.’ ” त्यांचा चेहरा शांत होता. नजर पडद्यावरच्या ओठांवर होती. समोर एवढा गलका चालला होता आणि तो मामांपर्यंत पोचतच नव्हता. आक्कांनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा मामांकडे, मग माझ्याकडे. त्यांनी तोंड उघडलं. मामींनी भाजीचं ताट खाली ठेवलं, हात लांब करून फोनचा आवाज शून्यावर आणला आणि मामांच्या समोर वाकून, प्रत्येक शब्द ओठांनी नीट उच्चारत म्हणाल्या, “आवं, सूनबाईनं चुकून आवाज लावला हुता. नेट जातंय.”

“तरी म्हनलं,” मामा मला म्हणाले. “शिकल्याली माणसंच लय नासाडी करत्यात.”

नंतर मी मामींच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. त्या भाकरीचं पीठ काढत होत्या.

“मामी, कधीपासून?”

“चार वर्सं झाली. आदी एक कान गेला, मग दुसरा. तोफंजवळ आक्खी नोकरी केली, काय ऱ्हाईल?” त्यांनी परात पुढं ओढली. “त्यांस्नी वाटतं, मला ठावं न्हाई.”

“पण मग सांगत का नाही? आता कानाची मशिनं मिळतात. सांगलीला चांगले डॉक्टर आहेत, मी वेळ घेते.”

“घी की. पर आत्ता नगं. आजपत्तूर ते घरात एवढं कवा बोललं न्हाईत गं. पलटनीत व्हते तवा वरसातनं दोनदा यायचे, आन आले तरी ‘जेवान वाढ’ एवढंच. आता रोज तासभर बोलत्यात. ते बाईच्या तोंडातनं बोलत्यात, पोराच्या तोंडातनं बोलत्यात, पर बोलत्यात माझ्याकडं बघून. मशिन घातलं आन त्या फोनातलं खरं ऐकलं, तर इतके दिस आपून काय सांगत हुतो ते त्यांस्नी कळंल. लाजंनं गप व्हतील. पयल्यासारखे.”

त्या रात्री मी वही काढली. ‘मामा – नेट बचत’ या पानावर अकरा कलमं होती: आवाजी संदेश नको, फोनवर लांबण नको, मालिका मुकी, आणि दिवसभर फाटकाकडे तोंड करून खुर्चीत बसणे, जे मी ‘पहाऱ्याची सवय, वीज व बेल यांची बचत’ म्हणून घातलं होतं. टोपी, जास्वंद आणि पालथा फोन सोडला तर एकही कलम नेटचं नव्हतं. सगळी कानाची होती. मी स्वतःच्या हातानं नीट क्रमवार लिहून ठेवली होती, फक्त शीर्षक चुकलं होतं. आणि मामी रोज पहाटे मामांबरोबर महामार्गापलीकडे दुधाला जात, त्यांच्या मनगटाला धरून, स्वतः गाड्यांच्या बाजूनं चालत. या वयात काय ते प्रेम, असं आम्ही सगळ्यांनी हसून म्हटलं होतं. मीही म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी आक्का काही बोलतील म्हणून मी धास्तावले होते. त्या चारला आल्या, जागेवर बसल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, “त्या फोनातली माणसं लय खोटं बोलत्यात गं. वकील म्हनं. ती आईच हाय त्येची, तोंडावरनं कळतंय की.” मग त्या मोठ्यानं, तोंड मामांकडे करून म्हणाल्या, “भावजी, लावा.”

मामांनी फोन टेकवला आणि माझ्याकडे पाहिलं.

“सूनबाई, ह्या वायरीचं नेट खरंच सपत न्हाई?”

“नाही मामा.”

“मग आवाज लावला तरी चालंल म्हन की.”

मी मामींकडे पाहिलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते. मग तेच म्हणाले, “पर सवय मोडाय नगं. उद्या वायर तुटली तर?” आणि त्यांनी त्या कोटातल्या पोराचं बोलणं जिथं राहिलं होतं तिथून उचललं. त्यांना किती कळलं होतं, हे मी आजही सांगू शकत नाही.

मामींशी माझं ठरलं होतं: मालिका संपू दे, मग सांगली. मी डॉक्टरांचा नंबर मिळवला, बुधवारी गर्दी कमी असते हेही विचारून ठेवलं. मालिकेचे चार भाग राहिले होते. शेवटच्या भागात त्या मुलीनं एका समुद्राकाठी पत्र वाचलं, आणि मामांनी तिच्या वडिलांच्या रानात पाणी लागल्याचं जाहीर करून लग्न लावून दिलं. आक्कांनी अक्षता टाकल्यासारखे हात केले. मामा थकून खुर्चीत मागे टेकले, फार दिवसांनी मुलीचं कार्य उरकलेल्या बापासारखे.

मामी माझ्याबरोबर कुंपणापर्यंत आल्या. मी म्हटलं, “मग या बुधवारी?”

त्यांनी मान हलवली, तारेवर वाळत घातलेला टॉवेल काढला, तो घडी केला, उलगडला, परत घडी केला.

“सूनबाई,” त्या म्हणाल्या, “त्या फोनात सगळ्यांत लांबडी मालिका कंची हाय गं?”

मी शोधून दिली. तुर्कस्तानातली आहे, दोनशेच्या वर भाग आहेत. मामांनी त्यातल्या पाटलाची ओळख आम्हांला करून दिली आहे. ‘मामा, कान, सांगली, बुधवार’ हे कलम मी दर आठवड्याला नव्या पानावर उतरवून घेते. या आठवड्यातही घेतलं आहे. पुढचा रकाना कोरा आहे.