जानकूबाबाची पडकई

मंचरला हायवेवर माझं गॅरेज आहे, ट्रकांच्या कामाचं. मी रामदास. तोंडानं फटकळ आहे, हे मंचरात कुणालाही विचारा. गिऱ्हाईक असो नाहीतर पाहुणा, मनात आलं ते बोलून मोकळा होतो. पण जानकूबाबापुढं माझा आवाज कधी चढला नाही. तो माणूसच तसा होता, त्याच्यावर ओरडायला निमित्तच मिळायचं नाही.

त्याची वाडी आहुप्याच्या अलीकडं, डोंगराच्या पोटात. भात निघालं, खाचरं मोकळी झाली की तिकडची माणसं कामाला खाली उतरतात. कुणी नारायणगावला जातं, कुणी आमच्याकडं कांदा काढायला येतं. जानकूबाबा माझ्या गॅरेजवर राखणीला यायचा आणि पाऊस तोंडावर आला की घरी जायचा.

त्याची एकच खोड. कुणाकडून काही घ्यायचं, तर रिकाम्या हातानं घ्यायचं नाही. चहा पाजला तर कप खाली ठेवायच्या आधी झाडू हातात. एकदा थंडीत मी जुनी रग दिली, तर गावाहून येताना पाठीवर तांदळाचं गाठोडं घेऊन आला. म्हणलं, "बाबा, ती रग मी फेकूनच देणार होतो." तर म्हणतो कसा, "तुमी फेकनार व्हता, आमी तर पांघरली ना." आता अशा माणसाशी काय वाद घालायचा, सांगा.

घरी बायको सखूबाई आणि एक लेक, भागू. लग्नानंतर लई वर्षांनी, देवराईतल्या देवीला नवस बोलून झालेली. भागूला आळेफाट्याजवळ दिली होती. जावई आदेश, पिकअप चालवतो, पोरगा सरळ. सखूबाईच्या काळजाची झडप अधू होती. दोन पायऱ्या चढली की दम लागायचा. तिला ना दागिना पाहिजे होता ना लुगडं. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, नातवंडाला पहिलं न्हाऊ आपल्या हातानं घालावं, एवढंच तिच्या मनात होतं. लेक अजून पोटुशीही नव्हती तेव्हापासून म्हातारी बाळाची टोपडी शिवत बसायची.

आडवा येत होता तो ओढा. वाडी ओढ्याच्या पल्याड, गाडीरस्ता अल्याड. गावानं लाकडं बांधून साकव केलेला होता. एरवी माणूस जाई-येई, पण पाऊस लागला की त्या ओल्या लाकडांवरून अवघडलेल्या बाईला नेणार कोण? डोंगरावरून दुसरी वाट आहे, ती दिवसभराची. जानकूबाबानं एकदा मला हळूच विचारलं, तुमचा तो क्लब असतो ना, त्येच्यातनं पक्का साकव हुतो का.

आमचा क्लब म्हणजे सेवेचा क्लब. लोक म्हणतात, हे आठवड्याला जमतात आणि पनीर खातात. खातो, खोटं कशाला बोलू. पण कामंही करतो. अध्यक्ष तेव्हा दादाभाऊ होते, कांद्याचे मोठे अडते. त्यांना मी साकवाचं बोललो आणि त्यांनी मनावर घेतलं. परदेशातला एक क्लब भागीदार मिळाला. काही वाटा त्यांचा, काही आमचा आणि त्यात वरची संस्था तेवढीच भर घालणार, असं ते अनुदान.

हे अनुदान म्हणजे काही उठला आणि चेक फाडला असं नसतं, राव. आधी गावात जाऊन विचारायचं, तुम्हाला काय पाहिजे. तेही गडीमाणसांना वेगळं, बायकांना वेगळं. मग गावाची समिती, ग्रामपंचायतीचा ठराव, इंजिनिअरचा नकाशा, ठेकेदारांचे दर, दोघांच्या सहीचं वेगळं खातं. पुढं देखभाल कोण करणार, तेही आधीच लिहून द्यायचं. या सगळ्यात भागूला दिवस राहिले आणि माझा जीव वरखाली व्हायला लागला. बाळंतपण ऐन पावसात येणार होतं.

वाडीतल्या बैठकीत दादाभाऊंनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, वरून मंजुरी येईपर्यंत कामाला हात लावायचा नाही. आधी सुरू केलेल्या कामाला पैसे मिळत नाहीत. मी पुन्हा एकदा तेच मोठ्यानं सांगितलं, सगळ्यांनी माना हलवल्या. दुसरी गोष्ट, यात गावाचाही सहभाग पाहिजे. तर गाव काय देणार?

जानकूबाबा उठून उभा राहिला. एरवी चारचौघांत न बोलणारा माणूस.

"पैका न्हाई आमच्याकडं. पर हात हायती. आमी पडकई घालू."

पडकई ही डोंगरातली रीत. एकाच्या खाचराचा बांध घालायचा तर सगळी वाडी कुदळी-पहारी घेऊन जाते. मजुरी कुणी घेत नाही. ज्याचं काम, त्यानं जेवायला घालायचं. पुढं दुसऱ्याच्या शेतावर तसंच. दादाभाऊंना ते इतकं आवडलं, की त्यांनी अर्जात ठळक लिहून टाकलं. परदेशातल्या लोकांनाही म्हणे त्याचं फार कौतुक वाटलं.

शिमगा झाला आणि निरोप आला, की अर्ज शेवटच्या टप्प्यात आहे, वरच्या समितीचे एक पाहुणे जागा बघायला येतील. मी ते जानकूबाबाला सांगितलं. त्याचा चेहरा असा फुलला की बस. दुसऱ्या दिवशी म्हणाला, घरी जरा काम आहे, जाऊन येतो. मी म्हणलं, जा. मला वाटलं, सखूबाईला सांगायला चालला असेल.

पाहुण्यांना घेऊन आम्ही जीपनं ओढ्यावर पोचलो.

साकव नव्हता. दोन्ही काठांना पायाचे मोठाले खड्डे, पार खडकापर्यंत खणलेले. बाजूला घडीव दगडांची रास, तिला हळदी-कुंकू लावलेलं. खाली कामाला गेलेली सगळी माणसं रोज बुडवून वर आली होती आणि त्यांनी पडकई घातली होती. नवा पूल जुन्याच जागी होणार म्हणून जुना साकव मोडला होता. त्याची लाकडं पडकईच्या जेवणाच्या चुलीत गेली होती. जानकूबाबा धुतलेलं धोतर नेसून, हातात नारळ घेऊन उभा होता.

"बघा पावणं," तो म्हणाला, "आमचा वाटा आमी आधी दिला."

दादाभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिव्या ओठांवर आल्या, आणि जानकूबाबाकडं बघून तिथंच विरल्या. त्याला मंजुरीचा नियम ठाऊक होता, तो काही खुळा नव्हता. पण त्याच्या लेखी नियम होता ठेकेदाराला, मजुरीच्या कामाला. पाहुणा दारात येणार आणि आपण हात बांधून उभं राहायचं, हे त्याला मरेपर्यंत जमलं नसतं. त्यात पेरणीचे दिवस लागले की पडकईला माणूस मिळत नाही.

पाहुणे रिटायर्ड इंजिनिअर, भला माणूस. वाडीत जेवले. सखूबाईनं हातानं वाढलं, धापा टाकत. त्यांनी तिला नाव-गाव विचारलं, लेकीचं विचारलं.  येताना जीपमध्ये म्हणाले, मला खोटं लिहिता येणार नाही. मी भांडलो. अहो, ही काय चोरी आहे का, म्हणलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की कुठंकुठं लोकांनी झालेली कामं नवी म्हणून दाखवली आणि पैसे लाटले, तेव्हापासून हा नियम आहे. नियम बरोबरच होता, त्यामुळंच मला जास्त राग आला. चोर सुटले आणि फाशी संन्याशाला.

अर्ज नामंजूर झाला. नवा अर्ज करा, जागा बदला, असं कळवलं. म्हणजे पुढचं वर्ष. हे जानकूबाबाला मीच जाऊन सांगितलं. तो खड्ड्याच्या काठावर बसला होता. 

"आदी दिलं, त्यात चुकलं व्हय भाऊ?" त्यानं विचारलं.

मी ओढ्यात उतरलो आणि रुंदी पावलांनी मोजायला लागलो. 

हात बांधून बसलो नाही आम्ही. पण साकवाला लाकूड आणायचं कुठून? देवराईतल्या झाडाला तिथं कुणी हात लावत नाही आणि बाकीचं जंगल सरकारी. मग मी गॅरेजमधल्या मोडक्या ट्रकच्या चेसीचे दांडे नेले, पोरांना घेऊन आडवे टाकले, वर फळ्या ठोकल्या. दादाभाऊ स्वतः घमेली उचलत होते. पण काठ पडकईत खणून भुसभुशीत झाले होते. पहिल्याच मोठ्या पुरात काठ खचला आणि लोखंड वाहून गेलं. तेलही गेलं, तूपही गेलं आणि हाती धुपाटणं आलं.

भागूच्या सासूबाईंनी सांगून टाकलं, साकव नाही तर सून पाठवणार नाही, मधेच कळा लागल्या तर काय करायचं. त्यांचं तरी काय चुकलं? भागू रडून रडून राहिली. श्रावणात आळेफाट्याच्या दवाखान्यात मुलगी झाली, दोघी सुखरूप. आणि तिकडं सखूबाईनं अंथरूण धरलं. डोंगरवाटेनं तिला उचलून न्यायला वाडीतली पोरं तयार होती, पण पावसात ती वाट म्हणजे नुसता चिखल आणि कडा. ती स्वतःच नको म्हणाली. डोंगरावर चढून जानकूबाबानं मला फोन लावला आणि एवढंच म्हणाला, भागूला म्हणावं आईला बाळ दाखव.

सव्वा महिना व्हायचा होता. तरी सासूबाईंनी अडवलं नाही. मीच भागूला, बाळाला आणि आदेशला जीपमधून नेलं. ओढा दुथडी भरून चालला होता, काठावर उभं राहून शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. पलीकडं चार जणांनी सखूबाईला डोलीत घालून आणलं आणि काठच्या एका सपाट दगडावर बसवलं. जानकूबाबा मागून तिला धरून बसला.

भागूनं दुपटं सोडलं आणि पोर दोन्ही हातांनी वर धरली. आदेशनं वर छत्री धरली. सखूबाई बघत राहिली. तिनं कपाळावर हात आडवा धरून बघितलं, मान वाकडी करून बघितलं. काहीतरी बोलली, ते इकडं आलं नाही. मग जानकूबाबानं एक टोपडं काढलं, त्यात गारगोटी बांधली आणि सगळा जोर लावून इकडं भिरकावलं. आदेशनं ते झेललं. भागूनं तिथंच, पावसात, पोरीला ते घातलं. टोपडं मोठं होत होतं, पार डोळ्यांवर येत होतं. सखूबाई हसली, ते मात्र दिसलं. मी जीपच्या मागं जाऊन रडलो. लाज कसली त्यात.

ओढा उतरायच्या आधीच सखूबाई गेली. भागूला आईचं तोंड बघायला मिळालं नाही. त्या दिवशी ती इकडच्या काठावर बसून होती, पल्याड झाडांच्या वर धूर दिसत होता.

दादाभाऊंनी नवा अर्ज केला. जागा वरच्या अंगाला, नकाशा नवा, सगळं पहिल्यापासून. पुन्हा वाडीत बैठक झाली आणि त्यांना विचारावंच लागलं, कारण अर्जात ते लागतंच. गावाचा सहभाग काय?  जानकूबाबा मागं भिंतीला टेकून बसला होता. तिथूनच म्हणाला,

"आमचं दिऊन झालंय."

दादाभाऊंनी कागद मिटला आणि ते बाहेर गेले.

पूल झाला. सिमेंटचा, कठड्याचा. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. उद्घाटन दुसऱ्या उन्हाळ्यात ठेवलं, परदेशातल्या क्लबला फोटो पाठवायचे होते. फोटोवाला सारखा म्हणत होता, लाभार्थी पुलावर या, लाभार्थी मधोमध उभे राहा. भागू पोरीला घेऊन आली होती. पोर आता चालायला लागलेली. जानकूबाबानं तिला उचललं आणि पुलाकडं पाठ करून तो खाली, जुन्या जागेकडं चालू लागला. फोटोवाल्यानं हाक मारली, तर दादाभाऊंनी त्याला हातानंच गप्प केलं. मी बाबाच्या मागं गेलो.

त्यानं पोरीला पल्याडच्या काठावरच्या त्या सपाट दगडावर बसवलं आणि स्वतः मागून धरून बसला.

"हितं बसली व्हती तुझी आजी," तो म्हणाला. "आन् तू तकडं व्हतीस."

पोरीनं तिकडं बघितलं. समोरच्या काठावर भागू उभी होती, तोंडाला पदर लावून. मग पोर दगडावरून उतरली आणि आईकडं निघाली. ओढ्यात पाण्याचा थेंब नव्हता. ती गोट्यांवरून अडखळत, दुडूदुडू चालत पलीकडं पोचली.